मांसाचे ओझे वाहण्याची पाठपिशवी : थोड्या खर्चात योग्य निवड

या लेखाचे नाव वाचून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. आपल्या देशात वन्य प्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध आहे, व पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांच्या बाबतीतही वनाधिकाऱ्यांच्या लेखी अनुज्ञेवाचून शेतकऱ्यास काही करता येत नाही. तेव्हा येथे शिकारीचा पुरस्कार करण्याचा हेतू मुळीच नाही. परंतु उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ मुलुखात शेतकरी व पशुपालक वर्ग परवाना काढून दरसाल हरणाच्या कुळातील मोठी जनावरे मारतो आणि त्यांच्या मांसावर घरची हिवाळ्याची बेगमी करतो. ते मांस डोंगरातून गाडीरस्त्यापर्यंत पाठीवर आणावे लागते. या एका कामासाठी त्या लोकांनी पाठीवरच्या पिशवीचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका इतरत्र क्वचितच झाला असेल. ओझे पाठीवर वाहणे हे आपल्याही शेतकऱ्याच्या नशिबी रोजचेच आहे. म्हणून या विषयाची माहिती निरुपयोगी ठरणार नाही, असे वाटते.

प्रस्तुत लेखकाचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेतील कॉलोराडो संस्थानात राहतो. त्याच्याकडे गेलो असता ऑक्टोबर महिन्यात त्याच्या शेजारच्या एका पशुपालक गृहस्थांबरोबर आम्ही दोघे डोंगरात गेलो. परवाना त्या गृहस्थांचा होता. आम्ही केवळ ओझे वाहण्यास मदतनीस होतो. त्यांनी एल्क जातीची एक मादी मारली, ती गाडीरस्त्यापासून सुमारे चार किलोमीटरांवर. मांस सोडवून झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या, पुष्कळ ठिकाणी दुरुस्त केलेल्या चौकटीवर पस्तीस किलो ओझे बांधले व ते चालू लागले. पुतण्याने त्याच आठवड्यात एका दुकानातून स्वस्तात घेतलेली, पुष्कळ कप्प्यांची व दिसण्यात मोठी सुबक अशी पिशवी आणली होती. तीत पंचवीस किलो मांस भरले. दीड किलोमीटर उतरलो नाही तोच तिचा उजवा खांदपट्टा शिवणीतून उसवला. एका पट्ट्यावर ओझे सावरीत, काही भाग माझ्याकडे देत आम्ही खाली पोहोचलो तेव्हा पुरता अंधार पडला होता, आणि दुसरी खेप अद्याप वरच होती. थंडी कडक होती म्हणून मांस टिकले. तोच प्रसंग सप्टेंबरच्या उन्हात आला असता तर निदान एक खेप कुजून वाया गेली असती. पुतण्याचा खांदा पुढे पंधरा दिवस नीट वर होत नव्हता. पिशवीत वाचवलेले पैसे अशा रीतीने खर्ची पडले.

या अनुभवानंतर त्या गृहस्थांकडून व इतर जाणत्यांकडून जी माहिती मिळाली, तिचा सारांश पुढे देत आहे.

ओझ्याचे गणित

पिशवी निवडण्यापूर्वी ओझे किती व अंतर किती याचा हिशेब मांडला पाहिजे. एल्कचा पूर्ण वाढीचा नर सुमारे तीनशे किलो वजनाचा असतो. हाडे काढून टाकल्यावर त्याचे खाण्याजोगे मांस अदमासे ९० ते ११० किलो भरते; मादीचे ६५ ते ८० किलो. तेथील म्यूल डिअर नावाचे लहान हरीण घेतल्यास २० ते ३० किलो मांस मिळते. म्हणजे लहान हरणाचे सर्व मांस एक धट्टाकट्टा माणूस एका खेपेत आणू शकेल. एल्कचे मात्र कोणासही आणता येणार नाही.

समजा, नराचे १०० किलो मांस पाच किलोमीटरांवरून आणावयाचे आहे व माणूस एकटा आहे. दर खेपेस ३४ किलो वाहिल्यास तीन खेपा होतात. तीन वेळा भरल्या पाठीने उतरणे व मधल्या दोन वेळा रिकाम्या पाठीने चढणे मिळून पंचवीस किलोमीटरांची चाल झाली. पिशवी बेताची असून दर खेपेस २५ किलोच वाहता आले तर खेपा चार होतात व चाल पस्तीस किलोमीटरांवर जाते. हा सर्व प्रवास आठनऊ हजार फूट उंचीच्या चढउतारावर करावयाचा असतो. दर खेपेस नऊ किलो अधिक वाहता येणे म्हणजे दहा किलोमीटरांची पायपीट वाचणे होय. चांगल्या चौकटीचे मोल पैशात करावयाचे झाल्यास ते या दहा किलोमीटरांवरून करावे.

हे ओझे टाळताही येत नाही. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा तेथे गुन्हा समजला जातो. कॉलोराडोत चारही पाय आणि कण्याच्या बाहेरील व आतील बाजूंच्या लांब पट्ट्या इतके तरी मांस आणलेच पाहिजे असा नियम आहे. अलास्कात तर मान, छाती व बरगड्यांवरचे मांसही सोडता येत नाही, आणि शिंगे शेवटच्या खेपेबरोबरच आणावी लागतात, म्हणजे केवळ शोभेच्या शिंगांसाठी कोणी जनावर मारू नये. तेव्हा जनावर पाडण्यापूर्वीच ते आणण्याची सोय आपल्यापाशी आहे की नाही, हे पाहणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

हाडे काढावी की ठेवावी हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. हाडांसह ओझे सुमारे एक पंचमांशाने वाढते. उलट हाडांमुळे मांसाचा आकार कायम राहतो व ते चौकटीवर घट्ट बांधता येते. दूरच्या वाटेस हाडे काढणेच बरे, असा सामान्य अभिप्राय आढळतो. याला रोगाचेही एक कारण आहे. तेथील हरणांत मेंदू सडवणारा एक असाध्य रोग पसरला असून, तो प्रथम १९६७ साली कॉलोराडोतील एका संशोधन केंद्रात दिसून आला. त्यामुळे मेंदू व पाठीचा कणा एका संस्थानातून दुसऱ्यात नेण्यास पुष्कळ ठिकाणी बंदी आहे. हाडे काढलेल्या मांसास ती लागू नाही. मात्र काही प्रदेशांत मांस हाडांसहच आणावे असा नियम असतो, व कॉलोराडोत जनावर नर की मादी हे ओळखण्याची नैसर्गिक खूण मांसाच्या एका भागास चिकटलेली ठेवावी लागते. म्हणून स्थानिक नियम आधी वाचूनच सुरी हाती घ्यावी.

चौकटीची रचना व तिचा इतिहास

आपल्या बैलाच्या मानेवर जू नीट बसले नाही तर खांदेसूज येते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. माणसाच्या पाठीचीही तीच गोष्ट आहे. साध्या पिशवीचा सर्व भार दोन पट्ट्यांवाटे खांद्यांवर येतो. खांद्यांच्या शिरा दबून हात बधिर होतात व माणूस पुढे वाकून चालू लागतो. चौकट व कमरपट्टा असला म्हणजे बहुतेक भार कमरेच्या हाडांवर उतरतो व तेथून सरळ पायांवर जातो. खांद्यांनी ओझे केवळ पाठीशी धरून ठेवावयाचे असते.

ही गोष्ट लोकांस हळूहळू कळत गेली. १९२० नंतरच्या दशकात लॉइड नेल्सन नावाच्या गृहस्थाने अलास्कातील आदिवासींच्या पाठचौकटीवरून कल्पना घेऊन लाकडी चौकट प्रचारात आणली. तीत लाकडाच्या दोन उभ्या पट्ट्यांवर जाड कापड ताणून बसवलेले असे, त्यामुळे पाठीस लाकूड न लागता कापड लागे. पिशवी काढून ठेवून नुसत्या चौकटीवर हवे ते ओझे बांधता येई. ‘ट्रॅपर नेल्सन’ या नावाने ती पुष्कळ वर्षे खपली. पुढे १९५१ साली डिक केल्टी व त्याचा एक सोबती कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात भटकत असता, चौकटीच्या उभ्या दांड्यांची खालची टोके त्यांनी आपल्या विजारीच्या मागच्या खिशांत खोवली. तत्काळ खांद्यांवरचा भार हलका झाला! याच अनुभवातून कमरपट्ट्याची कल्पना त्यास सुचली, व १९५२ पासून तो ॲल्युमिनियमच्या चौकटी विकू लागला. पहिल्या वर्षी त्याच्या अवघ्या २९ पिशव्या गेल्या. १९६३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या अमेरिकन मंडळींनी त्याच्याच पिशव्या वापरल्या होत्या. १९७३ साली अमेरिकेच्या सैन्याने ‘ॲलिस’ नावाचा साज स्वीकारला. त्यातील ॲल्युमिनियमची चौकट सैन्यात मागे पडल्यावर जुन्या बाजारात विपुल आली, व गरजू शिकाऱ्यांच्या पाठीवर ती आजही दिसते.

स्वस्तात काय मिळते

मांस वाहण्यासाठी म्हणून तयार केलेल्या उंची पिशव्यांस आज पाचशे ते आठशे डॉलर पडतात. त्यांत चौकट व पिशवी यांच्यामध्ये एक मोकळी खाच ठेवलेली असते. मांस त्या खाचेत, म्हणजे अगदी पाठीलगत, दाबून बसवता येते. रचना उत्तम खरी. पण वर्षातून आठ दिवस जाणाऱ्या मनुष्याने एवढा खर्च करावाच असे नाही.

पहिला स्वस्त पर्याय म्हणजे खाली आडवी फळी असलेली, पिशवीवाचूनची नवी ॲल्युमिनियमची चौकट. ती उंची पिशवीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात येते. जनावर मिळेपर्यंत लहान पिशवी पाठीस लावावी व चौकट गाडीत ठेवावी, म्हणजे पहिली खेप सोडून पुढच्या खेपांस ती कामी येते. दुसरा पर्याय सैन्यातील जुन्या चौकटीचा. ती मजबूत असते; परंतु तिचा मूळचा कमरपट्टा अरुंद व पातळ असल्याने तो काढून रुंद व गादीचा बसवावा लागतो. हा बदल केल्यावाचून ती घेणे व्यर्थ होय. तिसरा पर्याय म्हणजे पदभ्रमणाची जुनी, बाहेरच्या चौकटीची पिशवी जुन्या बाजारातून घेऊन तिची थैली काढून टाकणे. हे तिन्ही पर्याय दिसण्यात ओबडधोबड आहेत व झाडीतून जाताना चौकट फांद्यांत अडकते, हा त्यांचा दोष. पण ओझे वाहण्यात ते कमी पडत नाहीत.

चौथा पर्याय पुष्कळांच्या घरात आधीच असतो, तो म्हणजे आतील सळयांची, प्रवासाची मोठी पिशवी. वीस-बावीस किलोंपर्यंत तिने काम भागते. त्यापुढे तिचा तळ लोंबू लागतो, व मांस जड आणि लिबलिबीत असल्यामुळे खाली घसरून गोळा होते. लहान हरणासाठी नवी पिशवी घेण्यापूर्वी घरची पिशवी एकदा अजमावून पाहावी.

घेताना काय पाहावे

पैसा मर्यादित असता तो कोठे घालावा याचा क्रम असा ठेवावा : प्रथम चौकट व कमरपट्टा, नंतर शिवण, नंतर कापड आणि सर्वांत शेवटी कप्पे. दुकानदार बहुधा हा क्रम उलटा सांगतो, कारण कप्पे डोळ्यांत भरतात व शिवण भरत नाही.

१. पाठीचे माप. मान खाली घातली असता मानेच्या मुळाशी जे हाड वर येते तेथपासून कमरेच्या हाडांच्या माथ्याच्या रेषेपर्यंत पाठीवरून माप घ्यावे. चौकट या मापास जुळली पाहिजे. उंच माणसाची पाठ आखूड व ठेंगण्याची लांब असू शकते. म्हणून माणसाच्या उंचीवरून चौकट घेऊ नये.

२. कमरपट्टा. तो कमरेच्या हाडांच्या माथ्यावर बसून पुढे बेंबीच्या किंचित खाली आवळला गेला पाहिजे. ओझ्याखाली तो दुमडत किंवा खाली सरकत असेल तर ती पिशवी ठेवून द्यावी, मग ती फुकट का मिळेना.

३. शिवण. खांदपट्टा जेथे चौकटीस किंवा पिशवीस जोडला आहे, तेथे दाट आडवी शिवण मारलेली असावी. पट्टा दोन्ही हातांनी ताणून धाग्यांमध्ये फट पडते का ते पाहावे. आमची पिशवी नेमकी याच जागी उसवली.

४. बक्कले. एखादे तुटल्यास बाजारात तसेच दुसरे मिळते किंवा नाही ते विचारावे. एक जादा बक्कल व आठदहा हात दोरी जवळ बाळगावी.

५. कापड. पाचशे ते हजार डेनिअरचे नायलॉन काटेरी झुडपांत टिकते. नऊ हजार मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर; आकडा मोठा तितके सूत जाड. फार जाड कापडाने पिशवीचेच वजन वाढते. रिकामी पिशवी तीन-साडेतीन किलोंहून जड नसावी.

६. धुण्याची सोय. रक्त लागणे अपरिहार्य असल्याने थैली चौकटीपासून सुटी होणारी असावी.

घरी परीक्षा

वरील सर्व गोष्टी जुळल्या तरी रिकाम्या पिशवीवरून निर्णय करू नये. रिकामी पिशवी सर्वांसच बरी वाटते. धान्याच्या दोन लहान पोत्यांत मिळून तीस किलो भरून ती चौकटीवर बांधावी व एक तास चालावे; त्यात चढ व उतार दोन्ही असावेत. प्रथम कमरपट्टा आवळावा, मग खांद्याचे पट्टे, व शेवटी खांद्यांवरून चौकटीच्या माथ्याकडे जाणारे लहान पट्टे ओढावेत. तासानंतर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज जात असेल व हात बधिर झाले नसतील तर भार कमरेवर उतरला असे समजावे. पट्टा काचत असेल, किंवा पिशवी पावलागणिक डुलत असेल, तर दोष मापाचा आहे. सवयीने तो जाणार नाही. परत घेण्याची मुदत संपण्यापूर्वीच ही परीक्षा करावी हे सांगणे नकोच.

भरण्याची रीत

जनावर पडल्यावर मांसाचा खरा शत्रू म्हणजे त्याच्या अंगातील ऊब. कातडे लवकर उतरवून, मागच्या मांडीचे मांस हाडापर्यंत मोकळे करून ते सावलीत वाऱ्यावर टांगावे. मांडीच्या सांध्याजवळचे जाड मांस आत उबून आंबते व बाहेरून कळतही नाही. थैल्या सुती किंवा विरळ विणीच्या कापडाच्या असाव्यात. गरम मांस प्लास्टिकमध्ये बांधणे म्हणजे ते आपल्या हाताने कुजवणे होय. मांस निवल्यावर चौकटीचे रक्तापासून रक्षण व्हावे म्हणून मध्ये प्लास्टिकचा पडदा घालण्यास हरकत नाही.

बांधताना बैलगाडीची आठवण ठेवावी. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, तसेच पाठीचे आहे. सर्वांत जड थैली पाठीस चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांच्या पातळीस यावी; हलके सामान बाहेरच्या अंगास. मांस लोंबू नये म्हणून दोन आडव्या व एक उभ्या पट्ट्याने ते आवळावे, आणि पाचशे पावलांवर थांबून पट्टे पुन्हा ओढावेत, कारण मांस दबते व बंध सैल होतात. चालताना दोन काठ्या हाती असाव्यात. उतारावर गुडघा जातो तो बहुधा शेवटच्या खेपेस व घाईने. म्हणून अंधारात जास्त वाहण्यापेक्षा एक खेप सकाळवर टाकावी. मागे राहिलेले मांस आतड्यांच्या ढिगापासून दूर, झाडावर उंच टांगावे. माँटॅना व वायोमिंगमध्ये ग्रिझली अस्वलांचा वावर असतो; तेथे सकाळी परत जाताना मांसाची जागा दुरून नीट दिसेल अशीच निवडलेली असावी, व एकट्याने जाऊ नये.

घरी आल्यावर थैली व पट्टे थंड पाण्यात भिजवून साबणाने धुवावेत व वाऱ्यावर पुरते वाळवावेत. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. ओल राहिल्यास पट्ट्यांस बुरशी येते व पुढल्या हंगामापर्यंत तेथे उंदीर लागतो.

आपल्याकडील उपयोग

आता या माहितीचा आपल्या शेतीशी असलेला संबंध सांगून लेख पुरा करतो. फवारणीचा पाठीवरचा सोळा लिटरांचा पंप पाण्याने भरला म्हणजे पंपासह वीस किलोंहून अधिक भरतो. आमच्या पुतण्याच्या पाठीवरच्या ओझ्याहून तो फारसा हलका नाही; आणि पंपाचे पट्टे पाहिले तर ते बहुधा दोन अरुंद पट्ट्या असतात, कमरपट्टा मुळीच नसतो. गडी दिवसात असे कित्येक पंप रिकामे करतो. त्याचे खांदे दुखतात ही तक्रार आपण आळसात जमा करतो.

परत आल्यावर मी आमच्या पंपास जुन्या पिशवीचा गादीचा कमरपट्टा बसवला व खांद्याच्या पट्ट्यांखाली रुंद गाद्या शिवून घेतल्या. पट्टा अशा उंचीवर बांधला की पंपाचा तळ कमरेच्या हाडांवर टेकावा. पहिल्याच दिवशी आमच्या गड्याने सांगितले की, पंप तोच आहे पण भार निराळ्या ठिकाणी लागतो. पट्टा मात्र रोज काम संपल्यावर औषधापासून स्वच्छ धुवावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे. आपल्या गावच्या मोच्याकडून ही दुरुस्ती सहज होण्यासारखी आहे. नवा पंप घ्यावयाचा असेल त्यांनी तो दुकानातच पाणी भरून पाठीवर घेऊन पाहावा, व दुकानदार नको म्हणेल तर दुसरे दुकान गाठावे.

या बाबतीत ज्या वाचकांनी स्वतः काही प्रयोग केले असतील, त्यांनी आपला अनुभव या मासिकाकडे अवश्य कळवावा, अशी विनंती आहे.